हार्ड डिस्क कट्‌कट्‌ करतेय, आधी डुप्लिकेट फोटो काढू की आधी डिस्क बदलू?

अर्धीकोर :
नमस्कार मंडळी. घरी डेस्कटॉप आहे, बराच जुना, विंडोज 10, आत 1 टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क. गेले पंधरा दिवस फार स्लो झालाय, एखादं फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी सरकतच राहते, मधेच आतून कट्‌... कट्‌... असा आवाज येतो, मग दोन मिनिटं सगळं गोठतं आणि परत चालू, जसं काही झालंच नाही. डिस्कवर 2011 पासूनचे फोटो, व्हिडिओ, बाबांनी स्कॅन करून ठेवलेले जुने कागद असं साधारण 640 जीबी आहे आणि त्यातलं निम्मं तरी डुप्लिकेट असणार, कारण फोन भरला की नवीन फोल्डर करायचं आणि सगळं ओतायचं हेच मी इतकी वर्षं करत आले. 'फोन सगळं', 'फोन सगळं 2', 'फोन सगळं नक्की' आणि 'हे डिलीट करायचं नाही' अशी फोल्डरं आहेत, शेवटच्यात काय आहे ते मलाही माहीत नाही.

तर विचार असा की आधी डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर लावून कचरा काढते, डेटा कमी होईल, मग 500 जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) घेऊन त्यावर सगळं टाकते. बोर्ड साटा-2 वाला (डिस्क जोडायची जुनी पद्धत) आहे असं मॅन्युअलमध्ये दिसतंय, मग एसएसडी घालून उपयोग होईल की पैसे पाण्यात? बॅकअप आहे का ते विचारू नका, पेनड्राइव्हवर थोडं आहे.

केबलकाका :
डुप्लिकेट आत्ता अजिबात शोधू नका. ही सॉफ्टवेअरं आधी साइज जुळवतात आणि साइज जुळली की दोन्ही फाइली अख्ख्या वाचून हॅश, म्हणजे फाइलीचा बोटाचा ठसा, काढतात. तुमच्याकडे निम्मं डुप्लिकेट म्हणजे जवळपास सगळी डिस्क वाचून होणार आणि हातात येणार फक्त एक यादी. कट्‌कट्‌ करणाऱ्या डिस्ककडून एकदाच काय ते वाचून घ्यायचं असेल तर कॉपी करताना वाचा ना, निदान कॉपी तरी पदरात पडेल.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडा आणि 05, सी5, सी6, सी7 या चार ओळींसमोरचे रॉ आकडे इथे टाका. ते आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दिसतात हे लक्षात ठेवा, नाहीतर 10 दिसलं की दहा समजाल, ते सोळा असतात.

धूळखात :
एवढं कशाला, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि चेकडिस्क मारा, आर हा पर्याय लावून. रात्रभर चालू द्या. माझा एकदा त्यानेच बरा झाला होता.

स्वल्पविराम :
@धूळखात, राव, तुमचा नशिबाने झाला. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा हिशेब नीट करतं, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याची वही. डिस्कच्या पत्र्यावर ओरखडा असेल तर त्याला चेकडिस्क काय करणार? उलट आर लावलं की ते एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बारीक कप्पा, वाचत बसतं, आणि हिशेब जुळवण्यासाठी त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहितं. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते फाउंड-000 नावाच्या फोल्डरात क्रमांक टाकून भरून ठेवतं, नाव गेलं, फोल्डर गेलं, फोटो कुठला ते तुम्ही ओळखा. ज्या डिस्कवर एकुलता एक डेटा आहे तिच्यावर दुरुस्ती करायचीच नाही, दुरुस्ती कॉपीवर.

आणि कोणी येऊन डिस्क फ्रीझरमध्ये ठेवा सांगेल, त्याच्याकडेही लक्ष देऊ नका, बाहेर काढली की आत दव धरतं.

अर्धीकोर :
आले. वर पिवळ्या चौकोनात 'कॉशन' लिहिलंय. 05 समोर 18, सी5 समोर 30, सी6 समोर 30, सी7 समोर 0. म्हणजे तेवढं वाईट नाही ना?

केबलकाका :
हेक्समधून काढले तर 24, 48, 48 आणि 0. सी7 शून्य ही त्यातल्या त्यात एक माहिती, कारण तो आकडा वाढलेला असला की बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब निघते आणि लोक उगाच चांगली डिस्क फेकतात. तुमच्याकडे ती पळवाट नाही. डिस्कच गेलीय.

05 म्हणजे जे सेक्टर डिस्कने स्वतःच बाद करून राखीव जागेत हलवले ते. सी5 म्हणजे जे वाचायला गेली आणि वाचता आले नाहीत, आता त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत ते तसेच लटकलेले. 48 गुणिले 512 बाइट म्हणजे जेमतेम 24 केबी, ऐकायला काहीच नाही. पण हे फक्त तिने हात लावून बघितलेले. ज्या फोल्डरात तुम्ही चार वर्षं गेला नाहीत तिथलं तिलाही माहीत नाही. आत्तापासून या डिस्कवरून विंडोज चालू करणं बंद, विंडोज नुसतं उघडलं तरी मागे शंभर गोष्टी लिहीत असतं.

स्वल्पविराम :
पुढचं मी सांगतो, हे मी स्वतः दोनदा केलंय.

2 टीबीची एक्स्टर्नल घ्या. दुसऱ्या कुठल्यातरी चांगल्या मशीनवर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून तुमचा डेस्कटॉप चालू करा, इन्स्टॉल नाही, नुसतं ट्राय. त्यात डीडीरेस्क्यू टाकायचं, खराब डिस्कवरून डेटा उचलणारं सॉफ्टवेअर. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे आणि कमांड डीडीरेस्क्यू, मधे अंडरस्कोअर असलेलं एक वेगळंच सॉफ्टवेअर आहे ते नको. फाइल एक्सप्लोरर किंवा साधी कॉपी खराब जागा आली की तिथेच डोकं आपटत बसते. विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची कमांडसुद्धा, त्याला काही सांगितलं नाही तर एकाच फाइलसाठी 10 लाख वेळा परत प्रयत्न करतं, दर वेळी 30 सेकंद थांबून, बसा मोजत. डीडीरेस्क्यूचं डोकं वेगळं आहे, खराब जागा आली की ती वहीत नोंदवतं, उडी मारून पुढे जातं, आधी जे सहज मिळतंय ते सगळं उचलतं आणि हट्टी तुकड्यांकडे शेवटी वळतं. ती वही म्हणजे मॅप फाइल, ती एक्स्टर्नलवरच ठेवायची. लाइट गेली, मशीन अडकलं, काही झालं तरी तीच कमांड तीच मॅप फाइल देऊन परत मारली की जिथे होतं तिथून चालू.

पहिली फेरी एन स्विच लावून, म्हणजे हट्टी भाग सोडून. दुसरी फेरी डी आणि आर-3 लावून. डिस्कवर डिस्क करू नका, एक्स्टर्नलवर इमेज फाइल बनवा, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत एकाच फाइलीत. एक्स्टर्नल फॅट-32 असेल तर 4 जीबीच्या वर एक फाइल बसणार नाही, एनटीएफएस किंवा एक्सफॅट पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी सोर्स मग टार्गेट. उलटं झालं तर रिकाम्या डिस्कचा बॅकअप तुमच्या फोटोंवर काढाल. एसडीए एसडीबी या नावांवर विश्वास नको, ती दर बूटला बदलू शकतात, डिस्कवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्याशी जुळवा, दोनदा, मग एंटर.

माउसपॅड :
मधेच बोलतो, साटा-2 चा प्रश्न राहिला. पैसे पाण्यात अजिबात नाहीत. साटा-2 म्हणजे 3 गिगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला 250-280 एमबीच्या आसपास मिळतात, साटा-3 वर तीच एसएसडी 500 च्या वर गेली असती, खरंय. पण जुनी डिस्क स्लो वाटते ती त्यामुळे नाही. 7200 आरपीएमच्या डिस्कला हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंदांच्या वर, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज चालू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली इकडून तिकडून वाचतं. एसएसडीत फिरायचंच काही नाही, त्यामुळे तो सगळा वेळ वाचतो, आणि तो साटा-2 वरही वाचतोच. फक्त त्या 500 जीबीच्या एसएसडीवर फोटो ठेवू नका, एसएसडीवर विंडोज आणि फोटो वेगळ्या डिस्कवर. आणि डेटा भरून वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी नको, करंट नसला की चार्ज हळूहळू उतरतो.

विंडोज क्लोन करू नका, म्हणजे जुनं जसंच्या तसं उचलू नका, नवीन टाका. अर्धवट वाचलेल्या सिस्टिम फाइली नव्या डिस्कवर नेऊन काय मिळवायचंय? आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते जी तुमच्या बोर्डावर नसणार, तर फोटो बघण्यापुरतं असेल तर ते उबुंटूच ठेवलंत तरी चालेल.

अर्धीकोर :
मंडळी झालं!! पहिली फेरी साडेपाच तास, दुसरी रात्रभर, मी दर अर्ध्या तासाने उठून आकडा बघत होते. शेवटी 99.99 टक्के, 212 केबी नाही मिळाले. आता प्रश्न, त्या 212 केबीत कुठल्या फाइली गेल्या ते कसं कळणार? हजारो फोटो एकेक उघडून बघू का?

स्वल्पविराम :
नाही नाही. मॅप फाइलची एक प्रत काढून ठेवा. मग डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड आहे, त्याला एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये काहीतरी विचित्र वाक्य लिहून द्या, जे तुमच्या कुठल्याच फाइलीत असणार नाही. ते इमेजमधल्या न मिळालेल्या जागांवर तेच वाक्य भरून टाकतं. मग इमेज उघडायची आणि सगळ्या फाइलींत ग्रेप या शोधायच्या कमांडने ते वाक्य शोधायचं. ज्या फाइलीत सापडलं ती फुटकी. सोर्स डिस्कवर हे चुकूनही करू नका, फक्त इमेजवर, आणि वाक्य भरताना इमेज माउंट केलेली, म्हणजे डिस्कसारखी उघडलेली, नसावी.

अर्धीकोर :
काय भारी आहे हे. मी 'कावळ्याने नेला पापड' असं लिहिलं. नऊ फाइली निघाल्या, त्यातल्या सहा विंडोजच्याच, दोन व्हिडिओ जे मधे एक सेकंद हिरवे होऊन पुढे चालतात, आणि एक फोटो खालून अर्धा करडा. तो फोटो 'फोन सगळं 2' मध्ये अख्खा मिळाला! म्हणजे माझ्या डुप्लिकेटांना नावं ठेवणाऱ्यांनी जरा विचार करावा.

पण आता वेगळीच भानगड. इमेजमधून सगळं एक्स्टर्नलवर काढलं, आणि तारखेप्रमाणे लावलं तर मागच्या दोन वर्षांत टाकलेलं कितीतरी 1 जानेवारी 2009 दाखवतंय. बाबांचे स्कॅन तर सगळेच. डीडीरेस्क्यूने तारखा बिघडवल्या का? 2009 मध्ये हा फोन नव्हताच.

केबलकाका :
डीडीरेस्क्यू फाइलीला ओळखतच नाही, ते नुसते सेक्टर उचलतं, तारखा जशा होत्या तशा आल्या. एक सांगा, मशीन चालू करताना काळ्या स्क्रीनवर काही इंग्रजी येऊन थांबतं का?

अर्धीकोर :
हो, दोन ओळी येतात आणि एफ-1 दाबा म्हणतं. एफ-1 दाबलं की चालू होतो. दोन वर्षं झाली असतील, मला वाटलं तसंच असतं.

केबलकाका :
😄 ताई, दोन वर्षं तो सेल मागतोय तुमच्याकडे.

बोर्डावर गोल चपटा सेल असतो, सीआर2032, 3 व्होल्टचा. मेनचं बटण बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की स्विच बंद केल्यावर तारीख बोर्ड बनवणाऱ्याने ठेवलेल्या पहिल्या तारखेवर जाते, तुमच्या बोर्डावर 2009. नेटला मशीन जोडलेलं असेल तर बऱ्याचदा विंडोज वेळ दुरुस्त करून घेतं, तुमचं जोडलेलं नसणार. पॉवरची वायर पूर्ण काढा, खाचेतली छोटी पट्टी नखाने मागे ढकला, सेल उडून येतो, नवीन घालताना अधिकचं चिन्ह वर. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख लावा.

स्वल्पविराम :
फोटोंची काळजी नको. फाइलीची तारीख वेगळी आणि फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख वेगळी, ती एक्झिफ नावाच्या नोंदीत असते आणि तिला तुमच्या बोर्डाचा सेल हात लावू शकत नाही. एक्झिफटूल घेऊन त्या तारखेवरून सगळ्यांना नावं देता येतात, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या म्हणजे नावावर लावलं तरी आपोआप तारखेप्रमाणे लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांत एक्झिफ नसतं, पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावातच तारीख असते, ती आल्याची तारीख, काढल्याची नाही, एवढं धरून चाला. बाबांच्या स्कॅनचं मात्र काही होणार नाही, त्या तारखा खोट्या आहेत आणि खऱ्या कुठे लिहिलेल्याच नाहीत, कागदावरचं वाचून हातानेच नावं द्यावी लागतील.

मग डुप्लिकेट. डुपगुरू या डुप्लिकेट शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोल्डरला रेफरन्स करता येतं, त्यातलं ते कधीच उडवत नाही. आधी फक्त तंतोतंत सारख्या फाइली काढा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, हॅश जुळणारच नाही, त्यासाठी चित्र बघून जुळवणारा मोड आहे, पण तो एकापाठोपाठ काढलेले दोन फोटोही सारखेच धरतो, ज्यात एकात डोळे मिटलेत आणि एकात उघडे. तिथे स्वतः बघा. आणि डिलीट नको, 'बाजूला' नावाच्या फोल्डरात हलवा.

धूळखात :
आणि हे सगळं त्या एकाच एक्स्टर्नलवर ठेवून जुनी डिस्क फेकून देऊ नका म्हणजे मिळवलं. दुसरी कॉपी कुठे आहे?

अर्धीकोर :
@धूळखात चेकडिस्कवाले तुम्हीच ना 😄 पण बरोबर आहे. दुसरी एक्स्टर्नल घेतली, ती बहिणीच्या घरी राहणार. जुनी डिस्क पण ड्रॉवरमध्ये आहे अजून, धीर होत नाही.

आज सेल बदलला, एसएसडी लावली, उबुंटू टाकलं. स्कॅनचं काम बाबांनीच घेतलंय, चष्मा लावून रोज दहा-बारा फाइलींना नावं देतात आणि प्रत्येकीमागे एक गोष्ट सांगतात, त्यामुळे हे वर्षभर चालेल. मशीन आता न थांबता सरळ चालू होतं, तरी बोट आपोआप एफ-1 वर जातंच.