दुब्रोवनिक वाचलं कशामुळे, तटामुळे की खंडणीमुळे?

सांगलीचा_भटक्या: मे महिन्यात क्रोएशियातलं दुब्रोवनिक केलं. तटावरून पूर्ण चक्कर मारली, साधारण दोन किलोमीटर, टाळकं तापलं पण नजारा एक नंबर. फक्त गाईडने 'ह्या तटाने शहर वाचवलं' हे इतक्यांदा ऐकवलं ना की शेवटी हसू यायला लागलं. अहो वाचवलं ते खंडणीने! १४८१ पासून हे लोक तुर्की सुलतानाला दरवर्षी १२,५०० डुकाट (सोन्याची नाणी) भरायचे आणि त्याच्याच मुलखात व्यापार करून वर कमवायचे पण. आणि १८०६ मध्ये नेपोलियनचं सैन्य दारात आलं तेव्हा? गुपचूप दार उघडलं, दोन वर्षांत ह्यांचं स्वतंत्र रिपब्लिक बरखास्त. मग कशाला हवा होता ६ मीटर जाडीचा तट?

कोकणकडा७: अर्धीच गोष्ट सांगताय दादा. फ्रेंच आत शिरल्यावर त्याच वर्षी रशियन आणि माँटेनेग्रोवाले वेढा घालून बसले, तोफा डागल्या, तरी शहर हाती लागलं नाही, ते कशामुळे? आणि खंडणी देणाऱ्याला तटच नसेल तर समोरचा १२,५०० वर का थांबेल, सगळंच उचलून नेईल की. १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यावर ह्यांनी जमिनीकडची बाजू भक्कम करायला घेतली, १४६४ ला मिंचेता बुरूज पुरा केला, आणि खंडणी तर १४५८ पासूनच चालू होती. दोन्हीकडे पैसा घालायला वेडे होते का?

सांगलीचा_भटक्या: वेडे नाही, संशयी. तटाबाहेरचा लोव्रियेनाट्स किल्ला बघा, बाहेरच्या बाजूची भिंत काही ठिकाणी १२ मीटर जाड आणि शहराकडची जेमतेम ६० सेंटिमीटर! म्हणजे उद्या किल्लेदार फितला तर शहरातून तोफ लावून भिंत पाडता यावी. त्यांचा राज्यप्रमुख, रेक्टर म्हणायचे त्याला, तो पण दर महिन्याला बदलायचे. डोक्याने जगले ते लोक, दगडाने नाही.

कोकणकडा७: ती ६० सेंटिमीटरची भिंत पण डोक्यानेच बांधली ना मग? माझीच बाजू मांडताय तुम्ही 😄

अनुस्वार: दोघंही १८०६ लाच अडकलात. ६ डिसेंबर १९९१ ला युगोस्लाव्ह सैन्याने जुन्या शहरावर तोफगोळे टाकले तेव्हा तट जागच्या जागी उभा होता, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीतही होतं शहर, गोळे सरळ वरून आत. भटक्या, तटावरून खालची कौलं नीट बघितलीत का? भडक केशरी दिसतात ती त्यानंतर बसवलेली, फिकट ती जुनी.

सांगलीचा_भटक्या: बघितली ना, फोटो पण आहेत. मला वाटलं टुरिस्टांसाठी रंग मारलाय.