बँकेने तक्रार फेटाळली : आईच्या मुदत ठेवीची विमा पॉलिसी झाली, आता दाद कुठे मागावी?

रावपुरेकर :
माझी आई ६८ वर्षांची असून बडोद्यात रावपुऱ्यात एकटी राहते आणि वडिलांच्या पश्चात मिळणाऱ्या दरमहा २४,००० रुपयांच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर तिचा खर्च भागतो. गेल्या वर्षी ३ लाखांची ठेव नव्याने ठेवायला ती शाखेत गेली, तेव्हा जास्त व्याजाची ठेव असल्याचे सांगून तिच्या सह्या घेतल्या गेल्या. आता ३ लाखांच्या दुसऱ्या हप्त्याचा संदेश आला, तेव्हा कळले की ही दहा वर्षे हप्ते भरण्याची विमा पॉलिसी आहे. बँकेचे उत्तर तीन ओळींचे आहे : अर्जावर सही आईची आहे, खातरजमेच्या फोनवर तिने होकार दिला आहे आणि पॉलिसी परत करण्याची मुदत संपली आहे. या उत्तराला आव्हान कसे द्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दांडियाबाजार :
आमच्या काकूंच्या बाबतीत हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. सही आईंची आहे, हे मान्यच करावे. वाद सहीचा नाही, सही घेताना काय सांगितले गेले याचा आहे. त्यासाठी विमा कंपनीकडे लेखी अर्ज करून भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत, लाभाचा सही केलेला तक्ता, खातरजमेच्या फोनचे ध्वनिमुद्रण आणि पॉलिसी कधी व कोणत्या पत्त्यावर पोहोचवली याचा पुरावा मागावा. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत पॉलिसी हाती पडल्यापासून मोजली जाते, त्यामुळे शेवटचा कागद फार महत्त्वाचा ठरतो.

अर्ज हाती आला की उत्पन्न, व्यवसाय आणि ईमेल हे तीन रकाने आईंना शेजारी बसवून वाचावेत. काकूंच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘स्वतःचा धंदा’ असे लिहिलेले होते आणि त्या बिचाऱ्या आयुष्यभर घराबाहेर कमवायला गेल्या नव्हत्या. निवृत्तिवेतनाचे पासबुक आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले की सुनावणीत फारसे बोलावे लागत नाही.

बँक येथे विमा कंपनीची एजंट आहे, हे ध्यानात घ्यावे. बँकेने नाही म्हटले म्हणजे कंपनीने नाही म्हटले असे होत नाही, म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे हप्ता परत मागणारी स्वतंत्र तक्रार द्यावी. ती फेटाळली गेली किंवा महिनाभर उत्तर आले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. गुजरातसाठी त्यांचे कार्यालय अहमदाबादला आहे, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

निवृत्तकारकून :
वरील सल्ल्याला दोन गोष्टी जोडतो. मोठ्या बँकांना कोणतीही तक्रार फेटाळण्यापूर्वी ती आपल्या अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी पुन्हा तपासण्यासाठी बँकेतच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवावी लागते. आपल्याला आलेल्या उत्तरात तसा उल्लेख नसेल, तर तो मुद्दा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेच्या वर्तनाबद्दल तक्रार करताना अवश्य मांडावा. दुसरे म्हणजे घाईने ग्राहक आयोगात जाऊ नये, कारण तेथे प्रकरण चालू असेल तर विमा लोकपाल ते ऐकत नाहीत. उलट लोकपालांचा निवाडा आईंना मान्य नसेल, तर आयोगाचा मार्ग उरतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, तेवढी मात्र नजरेआड होऊ देऊ नये.

दांडियाबाजार :
एक राहिले. दुसरा हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्याची सूचना आजच लेखी देऊन रद्द करावी आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्यावा. शाखेतून पॉलिसी ‘सरेंडर’ करण्याचा, म्हणजे मुदतीआधीच बंद करण्याचा, आग्रह होईल, तो मानू नये. त्यात हाती येणारी रक्कम भरलेल्या हप्त्याहून बरीच कमी असते आणि आपली मागणी पूर्ण ३ लाखांची आहे.

रावपुरेकर :
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. अर्जाची प्रत आज मिळाली. वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिले आहे, म्हणजे आईच्या खऱ्या उत्पन्नाच्या चौपटीहून अधिक; हप्ताच तिच्या २,८८,००० रुपयांच्या वार्षिक निवृत्तिवेतनाहून मोठा आहे. अर्ज इंग्रजीत भरलेला असून आईची सही मराठीत आहे, आणि अर्जदाराला मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याच्या निवेदनाखालची जागा कोरी आहे. ईमेलचा पत्ता तर आमच्यापैकी कोणाचाच नाही. आई तो कागद हातात धरून बराच वेळ बसली आणि ‘मला वाटले, पावतीच आहे’ एवढेच म्हणाली. हप्ता थांबवण्याचा अर्ज शिक्का घेऊन दिला आहे, आणि कंपनीला द्यायच्या तक्रारीत हे चारही मुद्दे पासबुकाच्या प्रतीसह घालून ती उद्या सकाळी स्पीड पोस्टाने पाठवत आहे.