कोचनं स्वतःच्याच पोरांसोबत शर्यतीत उतरावं का?

धुळेकर बाप

नमस्कार मंडळी. पोरगा वीस वर्षांचा, एस.वाय.ला आहे, चार वर्षं माउंटन बाइक चालवतोय. मागच्या महिन्यात आमच्याकडे निवड शर्यत झाली. खुल्या गटातून चौघं पुढे जाणार होते. पोरांचे कोच स्वतः त्याच गटात उतरले आणि दुसरे आले. माझा पोरगा पाचवा.

आता म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. म्हणा. पण आधी तिसऱ्या लॅपला काय झालं ते ऐका. टेकडीमागच्या उतारावर बाभळीचा काटा मागच्या टायरात गेला. ट्युबलेस टायर, आत ओतलेल्या सीलंटच्या चिकानं भोक बुजायला हवं होतं, पण काटा तिरपा घुसून टायर फाडून गेला होता. पांढरा फवारा उडवत पोरगा टेक झोनपर्यंत, म्हणजे दुरुस्तीच्या ठरलेल्या जागेपर्यंत चालत आला. तिथे सर नव्हते, मी होतो. माझ्या एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात सरांची बॅग. भोक बुजवायचे रबरी प्लग त्याच बॅगेत होते हे मला घरी आल्यावर कळलं. प्लग म्हणजे काय हेसुद्धा. आणि सर? समोरच्या चढावर. मला दिसत होते, पोरालाही दिसत होते.

माणूस वाईट नाही. पहाटे पाचला पोरांना घेऊन निघतात, फी नावापुरती. तरी विचारतो, हे बरोबर आहे का?

मुरमावरचा

दादा, मी जळगाव जिल्ह्यातला कोच आहे आणि मी स्वतःही उतरतो. तुमच्या पोराचं वाईट वाटलं, पण तुम्ही चुकीच्या माणसाला धरताय.

आपल्याकडे कोच म्हणजे कोण? सकाळी पोरं, दिवसभर शाळा नाहीतर दुकान. पगार नाही, मेकॅनिक नाही, जायचं-यायचं भाडं खिशातून. त्याला स्वतःची सायकल चालवायची हौस आहे म्हणून तर ही पोरं तयार झाली. ती हौस काढून घेतली तर उद्या तो पहाटे पाचला येईल का?

आणि शिकवायचं म्हणाल तर मुरमाच्या उतारावर ब्रेक कुठे सोडायचा हे शिट्टी वाजवून शिकवता येत नाही. पोराला माझ्या मागच्या चाकाला लावतो आणि म्हणतो, मी सोडला की सोड. सरावात हे होतंच, पण शर्यतीत छाती फुटायला आलेली असताना तोच उतार वेगळा असतो. तिथे पुढे मी दिसलो तर पोरगं घाबरत नाही.

वयाचं तर काढूच नका. स्वित्झर्लंडचा नीनो शूर्टर 2022 मध्ये 36 वर्षांचा असताना क्रॉसकंट्रीत, म्हणजे आपल्या या चढ-उताराच्या लॅपवाल्या शर्यतीत, विश्वविजेता झाला, दहाव्यांदा. तिशीतल्या कोचला तुम्ही कठड्यावर बसवणार?

लाल मातीतला

सायकलमधलं मला फारसं कळत नाही, कुस्तीतलं थोडं कळतं. तालमीत वस्ताद पठ्ठ्यांबरोबर रोज जोर करतो, अंगावर घेतो, डाव लावून दाखवतो. हौद्यात दोघांची माती एकच. पण मैदानात पठ्ठ्याची कुस्ती लागली की वस्ताद कडेला उभा असतो. कपडे घालून, फेटा बांधून. तिथे त्याचं काम वेगळं असतं. पठ्ठ्याची जोड बघून लांग चढवणारा वस्ताद मी तरी पाहिला नाही.

मुरमावरचा

अहो पैलवान, कुस्तीत समोर एकच गडी असतो. एकाला उचलल्याशिवाय दुसरा जिंकत नाही. सायकलीत चाळीस जण असतात आणि खरी मारामारी चढाशी. मी पुढे गेलो म्हणून मागच्याचा चढ वाढत नाही.

लाल मातीतला

चढ वाढत नाही, पण जागा चारच होत्या ना? तीन उरल्या.

सातपुड्याची लेक

मी नंदुरबारकडची. तोरणमाळच्या घाटात सायकल शिकले, त्यामुळे चढाबद्दल कोणी शिकवू नये. :)

वरचं सगळं पुरुष बोलतायत म्हणून माझं सांगते. आमच्याकडे सराव शर्यत सगळ्यांची एकत्र लावायचे, सरसुद्धा त्यात. एकदा सिंगलट्रॅकवर मी सरांच्या मागे आले. दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या, एका सायकलीपुरती वाट. सरांचा श्वास लागलेला मला ऐकू येत होता, माझ्या पायात अजून जोर होता. नियम सोपा आहे, मागच्यानं आवाज द्यायचा, पुढच्यानं सवड मिळाली की बाजू द्यायची. माझं तोंडच उघडलं नाही. सरांना ‘बाजू द्या’ कसं म्हणायचं? वाट रुंद होईपर्यंत तशीच मागे राहिले आणि तोवर पुढची मुलगी दिसेनाशी झाली.

सरांनी मला अडवलं नव्हतं हो. शर्यत संपल्यावर उलट ओरडले, हाक का नाही मारलीस म्हणून. पण ज्या माणसाला वाकून नमस्कार करून आपण शर्यतीला उभे राहतो, त्याला घासून पुढे जायला वेगळी छाती लागते, आणि ती सरावात शिकवत नाहीत. म्हणून ‘मी पुढे दिसलो तर पोरगं घाबरत नाही’ हे मला अर्धंच पटतं. उतारावर घाबरत नाही, पण ओलांडायची वेळ आली की तेच पोरगं आखडतं.

काय भो

कसाले इतला वाद घाली राहिनात भाऊ? पोराले प्लग लावाले शिकाडा, मंग सर कोठे बी राहोत.

झेंडेवाला

वरच्या ‘काय भो’नं थट्टेत खरं सांगितलंय. मी बरीच वर्षं शर्यतीत पंच म्हणून उभा राहिलोय, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

क्रॉसकंट्रीत बाहेरची मदत फक्त ठरवून दिलेल्या झोनमध्येच घेता येते. दुरुस्ती तिथेच, पाण्याची बाटलीही तिथेच. बाकी वाटेवर रायडर एकटा. स्वतःच्या खिशातला प्लग आणि पंप त्यानं कुठेही वापरावा, कोणी अडवत नाही. मोठ्या स्पर्धांत लॅप साधारण 4 ते 6 किलोमीटरचा असतो, म्हणजे झोन चुकला की पुढचा लॅप कोरडा. भुसावळ-जळगावच्या उन्हात कोरडा लॅप म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात 80 टक्क्यांचा नियम लावला असेल तर आणखी पंचाईत. पहिल्या नंबरच्या पहिल्या लॅपला जेवढा वेळ लागला, त्याच्या 80 टक्क्यांहून जास्त तुम्ही त्याच्या मागे पडलात की तुम्हाला बाहेर काढतात. पंक्चर घेऊन चालत आलेला पोरगा बहुतेक तिथेच संपतो. धुळेकरांचा पोरगा तरी पाचवा आला, म्हणजे पाय दमदार आहेत त्याचे.

म्हणून झोनमध्ये उभा राहणारा जाणता माणूस ही चैन नाही, शर्यतीचाच भाग आहे. कोचनं खुशाल उतरावं. पण आपल्या जागी कोणाला उभं करून, बॅग उघडून दाखवून उतरावं.

दुसरं, मास स्टार्ट आणि टाइम ट्रायल यांत फरक करा. टाइम ट्रायलमध्ये एकेकाला अंतरानं सोडतात, स्वतःची वेळ स्वतः काढायची. तिथे कोच उतरला तर कोणाची वाट अडत नाही, झोनचाही तेवढा प्रश्न नाही. एकत्र सुटणाऱ्या शर्यतीत मात्र सातपुड्याच्या ताईंनी सांगितलेलं सगळं घडतं. मी ते झेंडा धरून पाहिलंय. पोरं सरांच्या मागे रांगेत अशी जातात जशी शाळेची सहल.

पाच टक्के

सगळे गोड बोलतायत, मी कडू बोलतो. माझे कोच माझ्यासोबत उतरायचे आणि त्यांच्यामुळेच मी नॅशनलपर्यंत गेलो. सलग दोन वर्षं आम्ही एकाच संघात होतो. रात्री ट्रेनच्या डब्यात दोन सायकली खोलून बर्थखाली ठेवल्या की ते जागे, मी झोपलेला. असा माणूस मला दुसरा मिळाला नसता.

पण ते का उतरायचे हे कोणी लिहीत नाहीये. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. सर्टिफिकेट लागतं, तेही वरच्या स्पर्धेतलं. कोचगिरीचं सर्टिफिकेट त्यात चालत नाही, खेळाडूचं लागतं. कापसावर घर चालणाऱ्या माणसाला वय निघून चाललेलं दिसतं तेव्हा तो हौस म्हणून उतरत नाही. धुळेकरांच्या पोराला जी चौथी जागा हवी होती, तीच कदाचित त्याच्या सरांनाही हवी होती. आणि दोघांनाही त्याच कारणासाठी.

लाल मातीतला

हे मात्र खरं बोललास. पण मग एक सांग, तुझ्या वेळी पोरांचे अर्ज कोण भरायचं? ट्रॅक कोण आखायचं?

पाच टक्के

तेच.

लाल मातीतला

झालं मग. ट्रॅक आखणाऱ्याला प्रत्येक दगड पाठ असतो. नोकरी त्यालाही हवी, मान्य, पण कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? उतरायचं असेल तर त्या शर्यतीपुरतं बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात द्यावं.

मुरमावरचा

दुसरा कोण? हेच तर मी पहिल्यापासून विचारतोय. आमच्या तालुक्यात ट्रॅक आखता येणारी माणसं किती, सांगा. मी आखला नाही तर शर्यतच होत नाही.

बाकी सातपुड्याच्या ताईंचं मनाला लागलं. माझ्या मागेही कोणी असं गप्प राहिलं असेल. ते माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. येत्या रविवारी सरावात पोरांना सांगतो, मला ओलांडल्याशिवाय घरी जायचं नाही.

सातपुड्याची लेक

मुद्दाम हळू जाऊ नका मात्र. लगेच कळतं.

धुळेकर बाप

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी सरांना घरी बोलावलं होतं. बायकोनं भरीत आणि कळण्याची भाकरी केली, म्हणजे भांडण होणार नाही याची तजवीज. मी झोनचा विषय काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बॅगेचं माझं चुकलं.” जागेबद्दल विचारलं तर म्हणाले, “पुढच्या वर्षीही उतरणार. त्याला म्हणावं मला हरव.” पोरगा खाली बघून भाकरी मोडत होता. ऐकलं त्यानं.

मला ते पटलं नाही, अजूनही नाही. तरी उठताना त्यांनी जुना टायर मागवला, खिळ्यानं भोक पाडलं आणि माझ्या हातात प्लगचा टोचा दिला. रबराची चिकट वात त्याच्या नाकात ओवायची, भोकात दाबायची आणि झटक्यात ओढायची. चार वाती वाया घालवल्या, पाचवी बसली.

झेंडेवाले काका, एक विचारायचंय. बाटली देताना मी रायडरबरोबर चार पावलं पळालो तर चालतं का? तो वेगात असतो, हातातून सुटते.

झेंडेवाला

पळायचं नाही. जागेवर उभं राहा, बाटली वरून दोन बोटांत सैल धरा, हात लांब करा. तो घेईल.