विषय: हायस्कूलची मुलं आणि गावाकडचे माजी सैनिक

नमस्कार मंडळी,

परवाच्या मीटिंगमध्ये हा विषय अर्धवट राहिला म्हणून लिहितेय. आपल्या मेरीलँडमध्ये हायस्कूल पूर्ण करायला मुलांना समाजसेवेचे ७५ तास दाखवावे लागतात. त्यातले थोडे माजी सैनिकांसाठी द्यावेत असं युवा समितीला वाटतंय. इथे व्हीएच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या माजी सैनिक खात्याच्या, हॉस्पिटल्समध्ये हायस्कूलची मुलं व्हॉलंटियर म्हणून घेतात, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट २००० सालापासून चालू आहे, त्यात दहावीपासूनची मुलं अमेरिकी माजी सैनिकांच्या मुलाखती घेऊ शकतात, निदान अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग लागतं, ते कायमचं जपलं जातं. आता आपल्यातली बरीच घरं साताऱ्याकडची, मुलं सुट्टीत गावी जातातच, तर २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला तिकडच्या माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा का? मुलांच्या हातून.

– युवा समिती

---

ताई, मी आता साताऱ्यातच असतो तर इथलं सांगतो. सत्कार नको. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, सगळीकडे सत्कार होतात, तासभर उन्हात खुर्चीवर बसवतात, फोटो होतो आणि म्हातारा माणूस एसटीची वाट बघत स्टँडवर. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्या जिल्ह्यात, घराघरात फौजी, त्यांना नारळ कमी नाहीत हो. त्यांना कागदाला माणूस पाहिजे.

आमच्या शेजारचे रिटायर्ड हवालदार, गावात सगळे मेजर म्हणतात, त्यांचं बघा. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा तर अंगठा उठतच नाही, जन्मभर फौज आणि नंतर ऊस, बोटांवरच्या रेघा पार झिजून गेल्यात, चार वेळा पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, तरी नाही. २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, पण दोन ॲप टाकायची, उजेडाकडे तोंड करून बसायचं, सांगेल तेव्हा डोळे मिचकायचे, हे त्यांना दाखवणार कोण? मुलगा पुण्याला. शेवटी वरच्या आळीतल्या नववीतल्या पोरीनं ओसरीत बसून करून दिलं.

वीरपत्नींचं त्याहून अवघड. आधारवर नाव एक, फौजेच्या रेकॉर्डला दुसरं, जन्मतारीख तिसरीच. मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला दुरुस्तीची नोंद, होईपर्यंत फॅमिली पेन्शन अडकते. ते काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिसचं, मुलांचं नाही. पण ट्रंकेतले कागद काढून, तारखेप्रमाणे लावून, कुठे काय जुळत नाही ते स्वच्छ अक्षरात लिहून आजींसोबत ऑफिसला जाणं, हे सोळा वर्षांच्या पोराला नक्की जमतं.

– सातारकर

---

पटलं दादा. माझे सासरे १९७१ च्या लढाईला होते, त्यांचा ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, रेफरल घ्यायला सुद्धा कोणीतरी सोबत लागायचं. एकच काळजी, मुलांनी कोणाच्या मोबाईलवरचा ओटीपी, स्पर्शचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटचा, पासवर्ड, बँकेचा नंबर याला हात लावायचा नाही. ज्याचा फोन त्याने किंवा घरच्या माणसाने टाकायचा, मुलांनी फक्त शेजारी बसून सांगायचं. कागदांचे फोटो आपल्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत. यावर मी अजिबात ऐकणार नाही, म्हाताऱ्या माणसांना फोनवरून लुबाडणारे आता गावोगावी पोचलेत. आणि तिकडचे तास इकडे धरतात का ते प्रत्येकाने आधी आपल्या शाळेच्या काउन्सेलरला विचारा, नाही धरले तरी माझी मुलगी जाणार.

– कोरेगावच्या वहिनी

---

वहिनी बरोबर. अजून एक, हयातीच्या दाखल्याची गर्दी नोव्हेंबरात, तेव्हा तुमची मुलं तिकडे शाळेत. तेवढं काम इथल्या हायस्कूलची एनसीसीची पोरं करतील, मी दोन शाळांच्या सरांशी बोलतो. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला सैनिकांसाठी निधी गोळा करतातच ती, त्याच्या आधी हे करतील. जुलैत पावसाने म्हातारी माणसं घरातच असतात, तेव्हा तुमच्या मुलांनी येऊन मुलाखती घ्याव्यात आणि कागद लावून द्यावेत. मुलाखत मराठीतच. लढाईचंच विचारू नका, भरतीला कसे गेलात, पहिली सुट्टी कधी मिळाली, घरून पत्र कोण लिहायचं, हे विचारा, माणूस आपोआप बोलायला लागतो. नको म्हणाले तर कॅमेरा बंद. आणि मुलांनी एक इथलं पोरगं सोबत घ्यावं, बोली कळायला सोपं जातं.

– सातारकर

---

ठरलं तर मग, सत्कार रद्द, शालींचे पैसे मुलांच्या गावातल्या जाण्यायेण्याला. जून ते ऑगस्ट कोण कोण साताऱ्याला जातंय त्यांनी मुलाचं वय, तारखा आणि मराठी वाचता येतं का हे या रविवारपर्यंत मला वेगळं मेल करा, सगळ्यांच्या मेल लिस्टवर टाकू नका. दादा, तुमच्याकडून ज्या घरी जायला चालेल तेवढ्यांनाच आधी विचारून ठेवा.

– युवा समिती