शेटलंड क्रॉस शिंगरू आहे, नोंदणी करावी का? आणि कुठं?

कळंबा_शेतकरी:
नमस्कार मंडळी, घोड्यातलं मला फार कळत नाही, म्हणून विचारतोय. २०२३ च्या दिवाळीत अकलूजच्या बाजारातून एक घोडी आणली, चंद्री नाव, देशी भीमथडी टाईपची, उंची ५० इंच. विकणारा म्हणाला गाभण आहे, माझ्याकडच्या शेटलंड पोनीकडनं (स्कॉटलंडकडची बुटक्या घोड्यांची जात) लागलीय, आणि मोबाईलवर त्या पोनीचा फोटो दाखवला, बुटका, आयाळ एवढी की डोळे दिसत नव्हते, उंची ३९ इंच म्हणाला. २०२४ च्या आषाढीला, बरोबर एकादशी दिवशी पहाटे व्यायली. नर शिंगरू, अबलख, पाय आखूड आणि पोट मोठं, पोरगीनं लाडू नाव ठेवलंय. आता नऊ महिन्याचं झालंय.

परवा जोतिबाच्या यात्रेला एक पाव्हणं भेटलं, त्यांना पोरांसाठी छोटा घोडा पाहिजे, लाडूचा फोटो बघून लगेच व्यवहाराला बसले पण म्हणाले पेपर असतील तर बोला. मग एक एजंट भेटला, १५ हजारात शेटलंडचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय. नमुना पाठवला त्यात आईचं नाव चक्क "लंडन क्वीन" आहे. आमच्या चंद्रीनं लंडन सोडा, कागलच्या पलीकडं पण बघितलेलं नाही. तर खरंच नोंदणी कुठं होते, करण्यात अर्थ आहे का, इस्कटून सांगा.

तांबडा_पांढरा:
लंडन क्वीन 😂😂 नाद खुळा. भावा आधी त्या एजंटला ब्लॉक कर.

पागा_ते_पन्हाळा:
दादा, पेपर या एका शब्दात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात तिथंच सगळा घोळ होतो. एक वंशावळीची नोंद, म्हणजे स्टड बुक. दुसरी ओळखीची नोंद, चिप, वर्णन, फोटो. तिसरी स्पर्धेची नोंद. तुम्हाला पहिली मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेटलंडचं मूळ स्टड बुक स्कॉटलंडकडचं, सोसायटी १८९० ला झाली आणि पहिला खंड १८९१ चा, त्यात शिंगरू घालायचं तर आई आणि बाप दोघंही तिथं नोंदलेले लागतात. अमेरिकेतला क्लब तर १८८८ चा, तिथंही तेच. तुमची चंद्री देशी, म्हणजे विषय तिथंच संपला, बाप कितीही अस्सल असला तरी. आणि तो तरी अस्सल आहे का? आपल्याकडं गुडघ्यापेक्षा थोडं उंच आणि झिपरं दिसलं की त्याला शेटलंड म्हणायची पद्धत आहे. विकणाऱ्याकडं बापाचे आयातीचे कागद असतील तर बघा, नसतील तर "शेटलंडसारखा दिसणारा" एवढंच म्हणता येतं.

अजून एक, मूळ बुकात कमाल उंची ४२ इंच. लाडू आत्ता किती आहे? टेप खांद्याच्या उंचवट्यावर धरायची, डोक्यावर नाही 😀

कळंबा_शेतकरी:
आत्ताच मोजला, पोरगीनं गाजर धरलं तेव्हा कुठं उभा राहिला. ३८ इंच.

पागा_ते_पन्हाळा:
मग वर्षाच्या आसपास शिंगरं नव्वद टक्के उंची गाठतात त्या हिशोबानं मोठेपणी ४३-४४ च्या घरात जाईल. म्हणजे उंचीतही बाहेर.

अकलूज_बाजार_फॅन:
मला एक शंका. विकणाऱ्यानं पोनी स्वतःकडं कधी आणला म्हणाला? घोडीचे दिवस अकरा महिने, ३४० धरा. १७ जुलै २०२४ ला व्याली म्हणजे लागली ऑगस्ट २०२३ च्या मध्याला, अधिक महिन्यात. तेव्हा तो पोनी त्याच्याकडं होता का? मी बाजारात बरीच वर्षं फिरतोय, गाभण घोडीच्या शिंगराचा बाप घरोघरी बदलतो.

कळंबा_शेतकरी:
अरे बापरे. तो तर म्हणालेला दसऱ्याला आणला. थांबा फोन लावतो.

तांबडा_पांढरा:
दसरा ते आषाढी म्हणजे नऊ महिने. नऊ महिन्यात माणसाचं होतंय, घोड्याचं नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कळंबा_शेतकरी:
लागला फोन. म्हणतोय दसऱ्याला फोटो काढलेला, पोनी बेंदरालाच, म्हणजे बैलांच्या सणालाच आणलेला, तुम्ही ऐकण्यात चुकलासा. त्या वेळचा व्हिडिओ पण पाठवला, मागं बैलांना झुली घातलेल्या दिसतायत आणि पोनी खुंट्याला बांधलाय. म्हणजे बसतंय. पोनी अजून त्याच्याकडंच आहे.

अकलूज_बाजार_फॅन:
मग ठीक. बेंदूर जुलैच्या सुरुवातीला होता, जुळतंय. पोनी जिवंत आहे तर पाहिजे तर डीएनएनं बाप सिद्ध करता येतो, लाडूची, पोनीची आणि घोडीची आयाळीची केसं मुळासकट उपटून द्यायची, कात्रीनं कापलेली चालत नाहीत. पण त्यातनं कळतं ते एवढंच की लाडू त्या पोनीचा आहे. तो पोनी कुठल्या जातीचा हे त्यातनं कळत नाही. म्हणून माझ्या मते पैसे घालवू नका.

सांगलीकर_ताई:
मग भीमथडी म्हणून नोंद करता येईल का? मध्ये वाचलेलं भीमथडी जातीला मान्यता मिळाली.

पागा_ते_पन्हाळा:
ताई, ती कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं जातीची नोंद केलीय. ही एक वेगळी देशी जात आहे असं सरकार दरबारी मान्य झालं, मारवाडी, काठियावाडीच्या पंगतीला बसली. चांगलीच गोष्ट झाली, भीमेकाठच्या धनगरांच्या पाठोपाठ बिऱ्हाड वाहत ही घोडी कित्येक पिढ्या चालतायत आणि लोक त्यांना नुसती तट्टू म्हणायचे. पण त्यानं तुमच्या माझ्या दारातल्या एकेका घोडीला आपोआप कागद मिळत नाही. आणि क्रॉस शिंगरू भीमथडी म्हणून लिहायचं म्हणजे त्या लोकांच्या कष्टात पाणी ओतायचं. पुण्याला स्टड बुक अथॉरिटी आहे ती रेसच्या थरोब्रेडसाठी, तिकडं तर जाऊच नका.

परदेशी_कोल्हापूरकर:
एक मजेशीर गोष्ट सांगतो, थोडी विषयाबाहेर. अमेरिकेत आयोवात लेस बूमहावर म्हणून एक वकील होते, त्यांच्याकडं १९५४ ला अशीच एक घोडी आली, अरबी-अॅपलूसा (ठिपक्यांच्या घोड्यांची अमेरिकन जात) मिश्र, आणि तिचं शिंगरू शेटलंड घोड्याचं. अंगावर ठिपके, त्यातला एक पंज्याच्या छापासारखा, म्हणून नाव ब्लॅक हँड. शेटलंडच्या बुकात ठिपक्यांचा रंग चालतच नाही (अबलख चालतो, लाडू निदान रंगात पास!). तर त्या माणसानं सरळ नवीन रजिस्टरच काढलं, पोनी ऑफ द अमेरिकाज, ब्लॅक हँड नंबर एक. तर कळंबा क्लब काढा, लाडू नंबर एक.

तांबडा_पांढरा:
कळंबा पोनी सोसायटी. मेंबरशिप एक प्लेट मिसळ.

डॉक्टर_गुरांचा:
मी जनावरांचा डॉक्टर, जिल्ह्यातच असतो. थोडं कामाचं बोलतो. वंशावळ राहू दे पण ओळखीची नोंद जरूर करा. १५ अंकी आयएसओ मायक्रोचिप मानेच्या डाव्या बाजूला घालतात, सुई जरा जाड असते पण काम मिनिटाचं आहे. गाई म्हशींचा कानातला १२ अंकी बिल्ला वेगळा, तो घोड्याला मारायला लावू नका. सोबत चारी बाजूनं फोटो, पायाचे पांढरे पट्टे आणि अंगावरचे केसांचे भोवरे. बाजारात भोवरे देवमण (शुभ) आहे का खोड आहे म्हणून बघतात, आम्ही तेच भोवरे ओळख म्हणून कागदावर काढतो, कारण दोन घोड्यांचे भोवरे सहसा सगळे जुळत नाहीत. चोरीला गेलं, विमा काढला, यात्रेला न्यायचं ठरलं, सगळ्याला हाच कागद उपयोगी. आणि सारंगखेडा किंवा माळेगावला न्यायचं म्हटलं तर ग्लँडर्सची रक्त तपासणी आणि आरोग्य दाखला आधी, तो रोग माणसालाही होतो.

स्पर्धेत उतरवायचा विचार असेल तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाची नोंद आणि पासपोर्ट असतो, पण ४४ इंचाचा घोडा शाळकरी पोरांच्या खेळापलीकडं कुठं उतरणार? त्यामुळं आत्ता ते नको.

आता खरं सांगायचंय ते हे. नऊ महिन्याचा नर, आईजवळच आहे का? वर्षाच्या पुढं कधीही आईला लागू शकतो, वेगळा करा. वळू ठेवायचा नसेल तर पावसाळ्याआधी खच्ची करून घ्या, पावसात माश्या जखमेवर बसतात. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच्या आधी. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला नेलं तरी चालेल. आणि खायला काय देताय?

कळंबा_शेतकरी:
डॉक्टर, आईजवळच आहे, बोलला ते बरं झालं. खायला वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, आपल्याकडं उसाचा सीझन म्हटल्यावर तेच, आणि थोडा गूळ, त्याला लई आवडतो.

डॉक्टर_गुरांचा:
ही भीती होतीच. वाडं आणि गूळ बंद करा. शेटलंडचं रक्त असो नसो, या बुटक्या घोड्यांची जडणघडण थंड, खडकाळ बेटावर काहीतरी चघळून जगायची. साखरेनं पोट आणि मान जाड होते, मग खुरात आतून सूज येते. पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभा राहतो, खुर हाताला गरम लागतात. एकदा झालं की परत परत होतं. कोरडं गवत, थोडा कडबा, मीठ आणि पाणी, बस्स.

सांगलीकर_ताई:
आमच्या शेजारच्यांच्या पोनीला हेच झालेलं, सकाळी उठून बघितला तर पाऊलच टाकेना, लोकांना वाटलं नाल नीट बसली नाही. नालबंदाला दोनदा बोलावलं बिचाऱ्याला.

कळंबा_शेतकरी:
अपडेट. चिप घातली, लाडूनं डॉक्टरांच्या खिशातला पेन चावला तेवढं सोडलं तर शांत होता. फॉर्मवर जातीच्या रकान्यात "मिश्र" लिहिलं, बाप "पोनी, जात अनिश्चित", आई "चंद्री". एजंटचा परत मेसेज आलेला, १२ हजारात करतो म्हणून, उत्तर नाही दिलं. यात्रेतल्या पाव्हण्यांना चिपचा कागद पाठवला तर म्हणाले शेटलंड लिहिलं नाही तर दहा हजार कमी घ्या. मी म्हटलं मग राहू दे, पुढच्या आठवड्यात खच्ची करतोय आणि घरीच ठेवतोय. आता पोरगी विचारतीय, पप्पा गुळाचा डबा कुठं लपवला.

डॉक्टर_गुरांचा:
तिला सांगू नका.