मदत हवी आहे : बालगृहातून बाहेर पडलेल्या पोरासाठी

राम राम मंडळी. भुसावळला माझं गॅरेज आहे. कामाला साडेअठरा वर्षांचा पोरगा आहे, लहानपणापासून बालगृहात वाढलेला. एक पत्र्याची पेटी आणि शाळेचा दाखला घेऊन बाहेर पडला. दाखल्यावर आईच्या नावापुढे नुसती रेघ. रात्री गॅरेजातच टायरांशेजारी झोपतो.

अनुरक्षणगृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्या १८ वर्षांवरच्या पोरांची राहायची सोय) २१ वर्षांपर्यंत राहता येतं, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिना ४००० रुपयांची तरतूद आहे, हे ठाऊक आहे. पण त्याला पोलीस भरतीत उतरायचंय (पळतो झकास!), म्हणून १ टक्का आरक्षणासाठी अनाथ प्रमाणपत्र हवंय. जळगावला अर्ज दिला, फाईल नाशिकच्या महिला व बालविकास विभागीय उपायुक्तांकडे जाणार म्हणे. दोन महिने झाले, 'पुढच्या सोमवारी या' चाललंय. धुळे-नंदुरबारकडं कुणी हे प्रमाणपत्र काढलंय का? बालकल्याण समितीचा (पोराला बालगृहात ठेवायचं ठरवणारी जिल्ह्याची समिती) जुना आदेश हरवला असेल तर नक्कल कुठून मिळवली?