मॅग्नेशिअम ऑक्साइड ९:८ येतंय, चुकलं कुठे?

कच्चा_आकडा: मॅग्नेशिअम जाळून ऑक्साइडचं सूत्र, म्हणजे दोन्हींच्या अणूंचं प्रमाण काढतेय. रिकामी क्रुसिबल (तापवायची छोटी वाटी) झाकणासकट २६.४८ ग्रॅम, मॅग्नेशिअमची फीत टाकून २६.७२, तापवल्यावर २६.८६. म्हणजे मॅग्नेशिअम ०.२४, ऑक्सिजन ०.१४. मोल (वजन भागिले अणुभार, म्हणजे अणूंची मोजणी) काढले: ०.००९९ आणि ०.००८८. भागाकार १.१३. आठने गुणलं की ९:८! पार्टनर म्हणतो, १:१ लिहून मोकळी हो. मग तोललं कशाला?

तिसरा_बाक: लिही १:१. पुस्तकात तेच आहे.

राखाडी_ॲप्रन: पुस्तकात आहे म्हणून नको गं. काटा दोनच दशांश दाखवतो ना? ऑक्सिजन आलाय दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून. शेवटचा अंक जरा हलला तरी ०.१४ चे ०.१६ होतात आणि भागाकार ०.९९ वर येतो. असल्या काट्याच्या जिवावर आठने गुणायचं नसतं.

तरी ऑक्सिजन कमी पडला असणार, या प्रयोगात बहुतेकदा पडतोच. झाकण उचलताना पांढरा धूर गेला? तो तुझा ऑक्साइडच. उचललंच नसेल तर आत धातू तसाच उरतो. शिवाय थोडं मॅग्नेशिअम हवेतला नायट्रोजन धरून नायट्राइड होतं, त्यात वजन कमी वाढतं. थंड झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरचे चार थेंब टाक, हलकं तापव, वाफेवर ओला लाल लिटमस धर. निळा झाला तर अमोनिया निघतोय, म्हणजे नायट्राइड होतं. मग जोरात तापव, गार कर, तोल. सलग दोनदा तेच वजन येईपर्यंत हेच.

आणि गार म्हणजे पूर्ण गार! पहिल्या वर्षी मी गरम क्रुसिबल तशीच काट्यावर ठेवली. तापलेली हवा वर चढते, वजन कमी दिसतं. आकडा डोळ्यांदेखत वाढत होता आणि मी पेन धरून बसलो, यातला कुठला लिहू म्हणून.

कच्चा_आकडा: झाकण एकदाच उचललं होतं. आत कडेला करडा तुकडा दिसतोय :( आणि १.५ आलं असतं तर? २ धरायचं?

राखाडी_ॲप्रन: तुकडा सापडला ना, तापव अजून. १.५ मात्र गोळाबेरीज करून उडवायचं नाही, दोन्ही बाजू दुप्पट करायच्या. लोखंड २.७९ ग्रॅम, ऑक्सिजन १.२०: मोल ०.०५० आणि ०.०७५, म्हणजे २:३. १.३३ आलं तर तिप्पट.

कच्चा_आकडा: २६.८७, दोनदा तेच. भागाकार १.०५. लिटमस शोधतेय.